महादेवाला विचारून

बायकोच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, ऊन कलताना, ख्रिस्ती मंडळीचा पाळक आमच्या घरी आला. बाजेवर टेकला, चहाचा कप हातात घेतला आणि कपाकडं बघतच म्हणाला, "आबा, आजींचा बाप्तिस्मा उद्या दवाखान्यात उरकून घेऊ. आत नेण्याआधी."

उरकून हा शब्द मला बोचला. मी म्हणालो, "उरकायला ती काय शेळी हाय का, ओळीत धरून लस टोचायला?"

पाळक पोरगेलासा. धर्माचं कॉलेज शिकून आलेला. राहतो परभणीत, रविवारी मोटरसायकलवर आमच्या गावी उपासनेला येतो. आमची मंडळी म्हणजे एक पत्र्याचं प्रार्थनाघर आणि मोजकी घरं. मंडळीच्या पंचांत मी सगळ्यात जुना. माझा बाप ख्रिस्ती झाला तेव्हा मी त्याच्या खांद्यावर बसलेलो होतो, म्हणजे मला कुणी विचारलं नव्हतं. चौथीत शाळा सुटली, शेळ्यांमागं गेलो. वाचायला जे काही येतं ते पवित्र शास्त्र वाचून वाचूनच आलं. त्यामुळं पाळक कितीही शिकलेला असो, मी ऐकून घेतो, पण लगेच मान हलवत नाही.

बायको मात्र ख्रिस्ती नव्हती. आमच्या सोयऱ्यांत अर्धी घरं इकडं, अर्धी तिकडं. ती चारठाण्याची, महादेवाची. लग्नात तिच्या बापानं एकच अट घातली होती, पोरीचा देव सोडवायचा नाही. माझ्या बापानं ती कबूल केली. तेव्हापासून ती सोमवार धरते, कोनाड्यातल्या पिंडीला बेल वाहते आणि शिळा झालेला बेल शेळ्यांना टाकते. नाताळाच्या करंज्याही तीच करते. पण उपासनेला कधी आली नाही आणि मीही कधी ये म्हणालो नाही.

म्हणालो नाही याला कारण होतं. आधीच्या म्हाताऱ्या पाळकानं मला लहानपणी शिकवलं होतं की कोण आपलं हे देवानं जग घडवायच्या आधीच ठरवून टाकलंय. माणसानं कितीही हातपाय आपटले तरी त्यात फरक पडत नाही. पुष्कळांना ही शिकवण कडू लागते. मला ती गोड लागली, कारण मला कुणापुढं हांजी हांजी करता येत नाही. माझं तारण, म्हणजे जिवाची सुटका, पाळकाच्या हातात नाही, पंचांच्या नाही, माझ्या स्वतःच्याही नाही. मग बायकोचं तारण माझ्या हातात कसं असेल? ठरलं असेल ते ठरलं असेल. एवढ्यावर मी इतकी वर्षं निवांत झोपलो.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल. वय झालंय, काळीज कमजोर आहे, आम्ही आमच्याकडून करू, पण मनाची तयारी ठेवा. आणि माझी झोप उडाली.

हे पाळकाला कुठं माहीत? त्याच्यापुढं मी नेहमीसारखाच बसलो होतो, पाय पसरून.

"साहेब," मी म्हणालो, "मागच्या रविवारी तुम्हीच सांगितलं, देवानं निवडलेली माणसं आधीच निवडलेली आहेत. मग उद्या सकाळची घाई कशाची करायलात? तिचं नाव घेतलं असंल तर घेतलंय. घेतलं नसंल तर तुमच्या तांब्यातल्या पाण्यानं काय होणार?"

तो चिडला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "पाण्यानं काही होत नाही, आबा. पण ज्याला देवानं निवडलंय त्याला तो कधीतरी हाक मारतो आणि ते माणूस ओ देतं. ओ दिली म्हणून निवड होत नाही, पण निवड आहे हे ओ दिल्यावरच कळतं."

"अन् ओ न्हाई दिली तर?"

तो गप्प बसला. त्याचं ते गप्प बसणं मला लागलं. बोलला असता तर मी भांडलो असतो.

चुलीपुढून म्हातारी म्हणाली, "माझ्याबद्दल बोलायलात का दोघं? मी बहिरी न्हाई झाले अजून. गाठ पोटात हाय, कानात न्हाई."

पाळक उठून तिच्याजवळ गेला. उकिडवा बसला. "आजी, तुम्ही सांगा. प्रभू येशूवर विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेता का? जबरदस्ती नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमचं काय म्हणणं हाय?"

माझ्या तोंडात हो आलं होतं. लय दिवसांपासून आलेलं होतं. पण माझ्यासाठी म्हणून तिनं पाणी घेतलं, तर ती ओ देवाला झाली का मला? आणि नको म्हणावं, तर उद्या ती टेबलावरून उठली नाही म्हणजे? मी म्हणालो, "माझं काय म्हणणं असणार. तुझं तू बघ."

"हे बरंय," ती म्हणाली. "जलमभर शेळी कुठं चरायची ते तुमी सांगितलं, अन् आता म्हणायलात तुझं तू बघ." मग पाळकाला म्हणाली, "लेकरा, मी इचारून सांगते."

"कुणाला विचारून?"

"ज्याला इचारायचं त्याला."

सकाळी थोरला पोरगा जीप घेऊन आला. तो परभणीत रिक्षा चालवतो, जीप त्याच्या दोस्ताची. पाळक आदल्या दिवशी मंडळीतल्या एकाच्या घरी मुक्कामाला राहिला होता, तोही बरोबर निघाला. मागच्या सीटवर गोधडी अंथरून म्हातारीला बसवलं, मी शेजारी, पाळक पुढं. देवगाव फाटा ओलांडून जिंतूरकडं लागलो, तशी ती थोरल्याला म्हणाली, "चारठाण्याला गाडी आत घे. महादेवापाशी."

"आई, दवाखान्यात येळेवर बोलावलंय."

"मग बिगीनं घे."

थोरल्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. एवढंच माझं त्यात चाललं.

चारठाण्याची जुनी देवळं दगडी. तिच्या माहेरच्यांचा महादेव त्यांतल्याच एकात, गाभारा खोल, पायऱ्या उतरून जावं लागतं. पाळक बाहेर लिंबाच्या सावलीला थांबला. मीही थांबणारच होतो. मंडळीचा पंच मी, कुणी बघितलं तर काय म्हणेल? पण तिला त्या पायऱ्या एकटीनं उतरवत नव्हत्या. दुसरी पायरी उतरताना तिनं भिंतीला हात लावला आणि पोट धरून उभी राहिली. मी चपला काढल्या आणि तिचा दंड धरला.

आत गार होतं. पिंडीवर सकाळचा बेल. तिनं पदराच्या गाठीतून ज्वारीचे दोन दाणे काढले, अभिषेकाच्या पाण्यात बुडवले आणि पिंडीच्या अंगाला एक उजवीकडं, एक डावीकडं चिकटवला. तेव्हा मला उमगलं ती काय करायला आलीय. ती कौल लावत होती. तिच्या माहेरी लग्न ठरवायचं असो, विहीर खोदायची असो, असाच कौल लावतात. उजवा दाणा आधी पडला तर देवाची हो, डावा पडला तर नाही.

तिनं हात जोडले. मोठ्यानं बोलली, जसं घरात माणसाशी बोलतो तसं.

"देवा, ह्यांचा पाळक म्हणतो ह्यांच्या देवाकडं ये. आज पोट फाडणार हायेत माझं. जाऊ का? जा म्हणत असशील तर उजवी दे. ऱ्हा म्हणत असशील तर डावी दे. मी तुझं ऐकीन."

मी काय सांगू, माझ्या जिवाचं काय झालं. महादेवाला माझी बायको विचारायलीय, की मी तुला सोडून येशूकडं जाऊ का? आणि मी, जन्मभर सगळं आधीच ठरलंय म्हणणारा माणूस, त्या दोन दाण्यांकडं डोळे फाडून बघत उभा. उजवा पड. उजवा पड. कुणाला म्हणत होतो मी हे? माझ्या देवाला म्हणत होतो की समोरच्या? खरं सांगतो, त्या वेळी मला फरक करता आला नाही.

दाणे हलेनात. वर कबुतरं घुमत होती. बाहेर थोरल्यानं हॉर्न वाजवला, मग परत वाजवला. म्हातारी डोळे मिटून उभी, तिचा दंड माझ्या हातात. मी उजव्या अंगाला उभा होतो. पायऱ्या उतरून मला दम लागला होता आणि माझा श्वास जोरात चालला होता. मी फुंकर मारली नाही. पण त्या गाभाऱ्यात दुसरं वारंही नव्हतं.

उजवा दाणा पडला.

तिनं डोळे उघडले, बघितलं, पिंडीवर डोकं टेकवलं. मग बराच वेळ उठलीच नाही. मी म्हणालो, "चल." ती म्हणाली, "थांबा की जरा. निरोप घ्यायलेय."

जीपमध्ये बसल्यावर तिनं पाळकाच्या खांद्याला मागून हात लावला. "लेकरा, हो म्हणला त्यो. दे तुझं पाणी."

"कोण हो म्हणाला, आजी?"

"माझा महादेव. उजवी दिली."

पाळक मागं वळला. त्याचा चेहरा बघून मला कळलं, की हे काही सरळ होणार नाही. तो सावकाश म्हणाला, "आजी, तुम्ही पिंडीला विचारून प्रभूकडं यायलात?"

"मग? न इचारता येऊ? इतकी वरसं त्याच्या पदरात काढली. पोरगी सासरी जाती तवा बापाच्या पाया पडून जाती का न्हाई? का भिंतीवरून उडी मारून जाती?"

थोरला हसला. मला हसू आलं नाही, कारण पाळक हसत नव्हता.

"मला जमणार नाही, आजी," तो म्हणाला. "दाण्यानं हो म्हणलं म्हणून मी बाप्तिस्मा देऊ शकत नाही. उद्या डावा दाणा पडला तर तुम्ही परत जाल."

"मी कामून परत जाईन? मी काय येड्यावानी रोज कौल लावते का?"

आता माझा पारा चढला. "काल तुम्हीच म्हणला, ओ दिली की निवड कळते! दिली तिनं ओ. आता काय पाहिजे?"

"ओ कुणाला दिली, आबा?"

"तुमच्या देवाला लिंबाखाली बसवून आत दुसराच कुणी बसला होता का? सगळं त्याच्याच मर्जीनं चालतं म्हणता, मग तो दाणा काय त्याच्या मर्जीबाहेर पडला? चिमणी पडली तरी त्याला ठाऊक असतं, अन् ज्वारीचा दाणा पडला ते ठाऊक नसंल?"

पाळकाचे कान लाल झाले. पण तोही हट्टी. "असेल त्याची मर्जी. पण मी माणसाच्या तोंडून विश्वास ऐकल्याशिवाय पाणी घालणार नाही. देवाची मर्जी दाण्यात वाचायची परवानगी मला कुणी दिली नाही."

"थोरल्या, गाडी थांबव. ह्याला जिंतुरात उतरव."

"दादा, ऐका तर..." थोरला मला म्हणाला.

"उतरव म्हणलं ना!"

म्हातारीनं माझ्या मांडीवर चापट मारली. "बसू द्या वो. पोरगं हाय. सकाळपासून चहा बी न्हाई त्याच्या पोटात." आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून घेतले. जिंतूर गेलं, बोरी गेलं, परभणी आली. मला एकच सुचत होतं. तिनं एक दार मागं लावून घेतलं आणि दुसरं कुणी उघडलं नाही. आता ही बाई मधल्या वाटेवर उभी आहे आणि तिला टेबलावर घ्यायची वेळ झाली आहे.

दवाखान्यात नर्सनं तिच्या हातातल्या बांगड्या काढायला सांगितल्या. त्या निघेनात, साबण लावून काढल्या. मंगळसूत्र काढताना ती नर्सला म्हणाली, "हे ह्यांच्याजवळ द्या, थोरल्याजवळ नको. त्यो हारवतो." मी ते मुठीत धरलं. हिरवा गाऊन घातलेली ती लय लहान दिसत होती.

ढकलगाडीवरून नेताना तिनं हातानं मला जवळ बोलावलं. हळू म्हणाली, "एक सांगा. न्हाई उठले तर मी कुणाच्या दारात जाऊ? महादेवाचा तर निरोप घेऊन आले."

जे जन्मभर पाठ होतं, ते सगळं कोरडं पडलं. ठरलेलं असेल तिथं जाशील, असं मी तिला सांगू का? गाडी पुढं गेली. दार बंद झालं.

बाहेर बाकावर आम्ही तिघं. दुसऱ्याही पेशंटची माणसं होती, डबे घेऊन, पिशव्या घेऊन. पाळकानं डोकं खाली घातलं आणि प्रार्थना करायला लागला. चांगली प्रार्थना करतो तो. डॉक्टरांच्या हातांसाठी केली, तिच्या काळजासाठी केली. शेवटी म्हणाला, "तरी प्रभू, आमच्या नव्हे, तुझ्याच मनात असेल तसं कर."

"न्हाई," मी म्हणालो.

मोठ्यानं निघालं. समोरची बाई डबा उघडता उघडता थांबली.

"त्याच्या मनात असंल तसं न्हाई. आज माझ्या मनात हाय तसं कर म्हणावं." मी उभा राहिलो होतो, ते मला नंतर कळलं. वर छताकडं बघून बोललो. "ऐक. तू हिला घेतलं नसशील, तर मला बी घेऊ नको. ती जिथं, मी तिथं. आत तर आत, बाहेर तर बाहेर. आधी ठरवलं असशील तर मोड. माझं नाव लिहिलं असशील तर पूस."

"आबा!" पाळकानं माझा हात धरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "असं बोलू नका. मागं घ्या. आत्ताच्या आत्ता मागं घ्या."

"सोड हात."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय फेकून द्यायलात?"

"मला सगळं कळतं. मी चौथी शिकलो, पण बोललेलं मागं घ्यायला मला कुणी शिकवलं न्हाई."

थोरला मधे पडला. मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. मी प्यालो नाही. मुठीतलं मंगळसूत्र तळहाताला रुतलं होतं. दार उघडेपर्यंत पाळक माझ्याशी बोलला नाही, पण उठूनही गेला नाही. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली, म्हणाले, "निघाली गाठ. शुद्धीवर यायला वेळ लागेल, पण बरं आहे." थोरला रडला. पाळक रडला. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

ती घरी आली. टाके निघाले. शेळ्यांना आवाज देण्याइतकी ताकद आली. लोकांना वाटलं सगळं निभावलं. पण माझं निभावलं नव्हतं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी, प्रभूच्या आठवणीचा पाव मंडळी वाटून खाते त्या दिवशी, पाळक उपासनेआधी मला बाजूला घेऊन म्हणाला, "आबा, मी तुम्हाला अडवणार नाही. पण देवाला अट घालून तुम्ही त्याच्या पंगतीला बसणार का, हे तुमच्या मनाला विचारा. दवाखान्यातला शब्द मागं घ्या. एकट्यात घ्या, मला नाही सांगितलं तरी चालेल."

मी विचार केला. शब्द मागं घेणं म्हणजे काय? ती तिकडं, मी इकडं, असं कबूल करणं. पावाचं ताट माझ्यापुढं आलं तेव्हा मी हात मांडीवरून उचलला नाही. ताट पुढं गेलं. पंचच हात आखडून बसलाय म्हणल्यावर मंडळीत कुजबूज झाली. त्याच्या पुढच्या वेळीही ताट तसंच गेलं. कुणी म्हणालं, म्हातारा चारठाण्याच्या देवळात गेला होता म्हणं. मी कुणाला खुलासा दिला नाही. पण घरी येताना पाय जड व्हायचे. भूक लागलेल्या माणसाला ताटावरून उठवलं की कसं होतं, तसं.

म्हातारीला हे थोरल्याकडून कळलं. सगळंच कळलं. मी गोठ्यात शेळी पिळत होतो. ती येऊन दारात उभी राहिली.

"तुमी दवाखान्यात काय बोलला?"

"काही न्हाई."

"माझी शपथ हाय."

मग सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिचा आवाज चढला. "कुणी सांगितलं होतं? माझ्यासाठी तुमच्या देवाशी भांडायला कुणी सांगितलं होतं तुमाला? अन् त्यानं खरंच राग धरला म्हंजे?"

"धरू दे."

"धरू दे म्हणं! जीभ हाय का कोयता?" ती दारातून आत आली. "मला माझी फिकीर न्हाई. मी गेले असते कुठं तरी. पण मी बाहेर ऱ्हायले म्हणून तुमी बाहेर? हे ओझं माझ्या डोक्यावर?"

तिनं भांडं आदळलं आणि निघून गेली. त्या दिवशी जेवायला वाढलं, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शनिवारी म्हणाली, "उद्या तुमच्या पाळकाला घरी बोलवा."

पाळक आला. ती हातपाय धुऊन, नवं लुगडं नेसून बसली होती. कोनाड्यातली पिंडी नव्हती. ती तिनं भावाच्या हाती चारठाण्याला पाठवली होती, हे मला त्या वेळी कळलं.

"लेकरा, बाप्तिस्मा दे. ह्या वेळी कुणाला इचारलं न्हाई. एकदा इचारलं तेवढं बास."

पाळकानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आबांनी सांगितलं म्हणून का?"

"त्यांनी? ते तर बाप्तिस्म्याचा शब्द बी बोलले न्हाईत. मी भ्याले म्हणून."

"नरकाला?"

"ह्यांच्या जिभंला." ती म्हणाली. "मी आत आले तर ह्यांचं बोलणं फुकट जाईल. त्या बोलण्याची झळ ह्यांना लागायची न्हाई."

पाळक खाली बघत बसला. मला वाटलं, हा आता परत नाही म्हणणार. भीतीनं आलेली ओ हा धरणार नाही. माझ्या मुठी वळायला लागल्या.

त्यानं विचारलं, "आजी, प्रभू येशूनं तुमच्या जागी स्वतःला दिलं, हे तुम्ही मानता का? हो-नाही घाईनं म्हणू नका."

तिनं घाई केली नाही. चुलीतला विस्तव सारला, मग बोलली. "आधी न्हवते मानत. खरं सांगते. नाताळाला ह्यांची गाणी ऐकायचे, तवा वाटायचं, कहाणी हाय. कोण कशाला दुसऱ्याच्या पायी मरंल? घरचा नवरा पाणी भरून देत न्हाई." माझ्याकडं बोट केलं. "पण ह्या आडमुठ्या माणसानं माझ्यासाठी स्वतःला वाटंवर टाकून दिलं म्हणल्यावर मी लय इचार केला. माणूस करतो, तर देवानं बी केलं असंल. मानते."

पाळक उठला, रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं. तिच्या कपाळाकडं बघून तो थांबला.

"कुंकू न्हाई पुसणार," ती म्हणाली. "हे महादेवाचं न्हाई, ह्यांचं हाय. हे जिते हायेत."

"राहू द्या," तो म्हणाला आणि पाणी घातलं. कुंकू ओघळून नाकावर आलं.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण एक गोष्ट सुटेना. हे कुणी केलं? देवानं आधी ठरवलेलं होतं म्हणून माझ्या तोंडून ते निघालं, की माझ्या तोंडून निघालं म्हणून त्याला हे करावं लागलं? जुन्या पाळकाला विचारलं असतं, पण तो मातीत गेला. नव्याला विचारायला माझी मान वाकत नाही.

जाताना तो दारात मला म्हणालाच, "आता तरी शब्द मागं घ्या, आबा."

"आता काय गरज? ती आत आली."

"गरज आहे. तुम्ही अट घातली. ती पुरी झाली म्हणून अट बरोबर होत नाही."

मी शेळ्या सोडायला गोठ्याकडं निघालो.

पुढच्या प्रभुभोजनाला ती माझ्या शेजारी बसली, पहिल्यांदाच. ताट आलं. तिनं पावाचा तुकडा उचलला, डोक्याला लावला आणि तोंडात टाकला. मग माझा हात मांडीवरच आहे हे बघून सगळ्या शांत मंडळीत, घरी जेवायला वाढताना म्हणते तसं, मोठ्यानं म्हणाली, "घ्या की."

पाळक ताट घेऊन उभा राहिला. त्यानं ताट पुढंही केलं नाही आणि मागंही घेतलं नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळलेल्या. मनातल्या मनात मी शब्द शोधत होतो, मागं घेतो म्हणायचे, आणि ते माझ्यापाशी नव्हतेच. मी हात पुढं केला, तुकडा उचलला. पाळकानं डोळे मिटले.

तो कोरडा घास गिळायला मला लय वेळ लागला.